मोरी कुणाची? सीमाभागातल्या एका गल्लीचं प्रकरण

ही हकीकत एका गल्लीत शिरणाऱ्या गटाराच्या पाण्याची आणि ते पाणी पलीकडे नेणाऱ्या, रस्त्याखालच्या मोरीची. ओळख पटू नये म्हणून शहराचं नाव दिलेलं नाही आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. कायदे, निवडणुकांचा काळ आणि सरकारी कामाची पद्धत मात्र आहे तशीच ठेवली आहे.

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम कडेचं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेलं हे शहर. शहर म्हणायचं कारण इथं नगरपालिका आहे. एरवी आठवडी बाजार, तंबाखूच्या वखारी आणि बसस्टँड सोडलं तर मोठं खेडंच. ज्या गल्लीची ही हकीकत आहे ती उताराच्या बुडाला आहे. चाळीसेक घरं. निम्म्याहून जास्त घरांत बायका विड्या वळतात. पुरुष वखारीत, हमालीवर, नाहीतर कोल्हापूर-इचलकरंजीकडे कामाला. घरात मराठी बोलणारे जास्त, पण कन्नड घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, आणि भांडण लागलं की सगळ्यांनाच सगळ्या भाषा येतात.

सीमाभागातल्या माणसाला रस्त्यावर कसं यायचं हे शिकवावं लागत नाही. १ नोव्हेंबरचा काळा दिन आणि १७ जानेवारीचा हुतात्मा दिन पाळत लहानाची मोठी झालेली ही माणसं. १९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलेलं असतं. पण नगरपालिकेचं अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात ठरतं, गटाराचं एस्टिमेट कोण काढतं, हे विचारलं तर तीच माणसं एकमेकांकडे बघतात. मोठ्या प्रश्नावर पिढ्यानपिढ्या लढलेल्या मुलखात छोट्या प्रश्नाची वहिवाट पडलीच नाही, असं माझं मत आहे. हे प्रकरण लिहून काढायचं कारणही तेच.

त्यात हा काळ विचित्र होता. कर्नाटकातल्या शंभरावर शहरांत ३१ ऑगस्ट २०१८ रोजी मतदान झालं, त्यात हेही शहर होतं. निकाल लागला, गुलाल उधळला, आणि अध्यक्ष-उपाध्यक्षपदाच्या आरक्षणाचा वाद उच्च न्यायालयात गेला. पुढची दोन वर्षं निवडून आलेले नगरसेवक नुसते बसून. अध्यक्ष नाही म्हणून सर्वसाधारण सभा नाही. कारभार प्रशासकाच्या हाती. लोक आपल्या नगरसेवकाकडे गेले की तो म्हणायचा, "मलाच अजून खुर्ची न्हाई, तुमाला काय देऊ?" त्याचं चुकत नव्हतं.

मोठ्या शहरांत निदान एक वाट कागदावर तरी असते. ७४ व्या घटनादुरुस्तीने, कलम २४३ एस प्रमाणे, ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या नेमणं बंधनकारक आहे. बेळगाव त्यात बसतं. हे शहर त्याच्या आसपासही नाही.

अडचण

ऑगस्ट २०१९ चा पहिला पंधरवडा या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, मलप्रभा, सगळ्या एकदम फुगल्या. या गल्लीत मात्र नदीचं पाणी आलं नव्हतं. आलं ते गटाराचं. त्यामुळे पुराच्या पंचनाम्यात ही घरं धरायची की नाही, यावरच हुज्जत झाली.

नुकसान बाहेरच्याला पटकन कळत नाही. विडीचं पान आधी भिजवावंच लागतं, ओलं झाल्याशिवाय ते कातरीखाली येत नाही. मग पान भिजलं तर बिघडलं काय? पण गटाराच्या पाण्यात रात्रभर राहिलेल्या पानाला वास सुटतो, जर्द्याचा चिखल होतो, आणि हे पान, हा जर्दा ठेकेदाराने वजनावर दिलेला असतो. तेवढ्या विड्या परत आल्या नाहीत की मजुरीतून कापून जातं. म्हणजे पाणी घरात आलं की दिवसाची मजुरी बुडतेच, वर मालाचं देणंही अंगावर येतं. एरवी पावसाळ्यात दोन-तीनदा हे व्हायचं. त्या वर्षी आठवडाभर पाणी हटलंच नाही.

दुखणं साधं होतं. वरच्या चार गल्ल्यांचं पाणी एका उघड्या गटाराने खाली येतं, हमरस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जातं आणि शेतातल्या ओढ्याला मिळतं. मोरी म्हणजे दोन ह्यूम पाइप, काँक्रीटचे मोठे गोल नळ. एक कधीचाच दगडमातीने बुजलेला. दुसऱ्याच्या तोंडासमोरून पिण्याच्या पाण्याची लोखंडी पाइपलाइन आडवी गेलेली. तिला चिंध्या, प्लास्टिक, नारळाच्या शेंड्या अडकत, गणपतीच्या दिवसांत निर्माल्य अडके, आणि अर्ध्या तासाच्या सरीत तिथं बंधारा तयार होई. दरवर्षी मे अखेरीस जेसीबी येई, गाळ काढून गटाराच्या काठावरच टाकी. पहिल्या पावसात तो गाळ परत गटारात.

समोरचे पर्याय

गणपती झाल्यावर मारुतीच्या देवळात बैठक बसली. पुढाकार घेणारे चौघे: एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, विडी कामगारांच्या संघटनेत उमेदवारी केलेली एक बाई, जिला गल्ली अक्का म्हणते, वखारीतला एक हिशेबनीस, आणि कन्नड माध्यमातून शिकलेली, बी.कॉम. करणारी एक मुलगी.

रास्ता रोकोचा ठराव सगळ्यात आधी आला आणि जवळजवळ मंजूरही झाला. हमरस्ता गल्लीच्या तोंडाशीच, त्यामुळे अडवायला सोपा. अक्काने त्यात खोडा घातला: "रस्ता अडवला की साहेब येतंय, जेसीबी येतंय, चार दिस बरं वाटतंय. फुडच्या सालाला परत रस्ताच अडवायचा व्हय?" तिला आंदोलनाचं वावडं नव्हतं. उलट त्या देवळात मोर्चाचा सर्वात जास्त अनुभव तिलाच होता. मोर्चा नेमकं काय मिळवून देतो आणि काय देत नाही, हे तिला ठाऊक होतं.

आमदारांकडे जाणं हा दुसरा पर्याय. आमदार निधीतून काम लवकर होतं, पण होतं ते दिसणारं काम. शेजारच्या गल्लीत असाच काँक्रीटचा रस्ता झाला होता. रस्ता वीतभर वर आला, घरं होती तिथंच राहिली, आणि आधी अंगणात थांबणारं पाणी उंबऱ्याच्या आत गेलं. फलक मात्र चांगला लागला.

कोर्टाचं नाव निघालं. धारवाडला उच्च न्यायालयाचं खंडपीठ झाल्यापासून बंगळूर गाठावं लागत नाही हे खरं, पण वकिलाची फी आणि तारखांचा हिशेब कुणालाच झेपणारा नव्हता. वर्गणी काढून स्वतःच मोरी फोडायची, असं तरुणांनी सुचवलं. सरकारी रस्ता खणला तर उलट आपल्यावरच गुन्हा, असं हिशेबनीसाने सांगितलं.

उरला कागदाचा रस्ता: मोरी कुणाच्या ताब्यात आहे ते शोधायचं, त्या खात्याकडून एस्टिमेट काढून घ्यायचं आणि अंदाजपत्रकात रक्कम धरायला लावायची. सगळ्यात संथ आणि सगळ्यात कंटाळवाणा. तो निवडला गेला, पण आंदोलन सोडून दिलं नाही, शिलकीत ठेवलं. मार्चपर्यंत एस्टिमेट निघालं नाही तर रस्ता अडवायचा, असं ठरलं, आणि ही गोष्ट नगरपालिकेच्या कानावर जाईल याचीही व्यवस्था झाली.

अर्ज कोणत्या भाषेत

खरी वादावादी इथं झाली. युवक मंडळातल्या मुलांचं म्हणणं, निवेदन मराठीतच जायला हवं, आणि तेही सीमाप्रश्नावर काम करणाऱ्या संघटनेच्या लेटरहेडवर. कन्नड घरातल्या दोन कर्त्या पुरुषांनी लगेच सांगितलं, लेटरहेड असेल तर आमची सही नाही.

गुरुजींनी घटनेचं पुस्तक आणलं. कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे मराठी निवेदन नाकारता येत नाही. माहिती अधिकाराचं मात्र वेगळं. २००५ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो, आणि इथली राजभाषा कन्नड. एकाच प्रकरणात दोन कागद, दोघांचे नियम वेगळे. हा फरक माहीत नसल्यामुळे सीमाभागात कितीतरी अर्ज परत आले आहेत आणि प्रत्येक वेळी दोष द्वेषाला दिला गेला आहे. कधी तो खराही असतो, पण नेहमी नाही.

तोडगा निघाला तो असा: निवेदन एकाच कागदावर, वर कन्नड, खाली मराठी, लेटरहेड कुणाचंच नाही, खाली घर क्रमांकासह सह्या. माहितीचा अर्ज कन्नडमध्ये, बी.कॉम.च्या मुलीच्या हातचा. गुरुजींचा युक्तिवाद होता, "हक्क आहे म्हणून मराठीत द्यायचं, साहेबांनी वाचावं म्हणून कन्नडमध्ये द्यायचं." दोन मुलांना हे पटलं नाही. ती त्या दिवशी उठून गेली ती पुन्हा आली नाहीत.

निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. मराठीतून कारभार मागण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, बाजूला ठेवला गेला, हेही तितकंच खरं. पण टेबलावरच्या कारकुनाला कागद बाजूला सारायला जे एक निमित्त मिळतं, ते त्या दिवशी मिळालं नाही. आणि कन्नड घरांच्या सह्या असल्यामुळे "हे तर तुमचं नेहमीचंच" असं म्हणण्याची सोय उरली नाही.

मोरी कुणाची

माहिती अधिकाराच्या अर्जाला कर्नाटकात एक अट आहे जी महाराष्ट्रातून सल्ला देणारे पाहुणे सांगायला विसरतात: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. गुरुजींच्या पहिल्या मसुद्यात गल्लीचा इतिहासच आला होता. हिशेबनीसाने तो कापून तीन ओळींवर आणला. अमुक रस्त्याखालची मोरी कोणत्या खात्याच्या मालकीची, ती शेवटची कधी साफ केली याच्या नोंदीची प्रत, आणि दुरुस्तीचं एस्टिमेट झालं असल्यास त्याची प्रत. सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर.

नगरपालिकेचं उत्तर एका ओळीचं होतं: मोरी लोकोपयोगी (म्हणजे सार्वजनिक बांधकाम) खात्याच्या रस्त्याखाली येते, म्हणून अर्ज कलम ६(३) प्रमाणे त्या खात्याकडे वर्ग केला आहे. बैठकीत निराशा पसरली. टोलवाटोलवी सुरू झाली, असंच सगळ्यांना वाटलं. हिशेबनीस एकटा खूश होता. मालकी कुणाची हे नगरपालिकेने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. आता निदान एका कार्यालयाला "आम्हाला माहीत नाही" म्हणता येणार नव्हतं.

लोकोपयोगी खात्याने उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत जवळजवळ पुरती घेतली. मोरी आमची, असं त्यांनी मान्य केलं. तुंबते ती मात्र नगरपालिकेच्या पाइपलाइनमुळे आणि गटारातून येणाऱ्या गाळामुळे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चित्र पुरं होत होतं. दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवत होती आणि दोन्ही बोटं त्याच एका तोंडावर येत होती.

इथं आणखी एक निर्णय घ्यावा लागला. अपील करायचं, की हाती आलं तेवढ्यावर पुढे जायचं? एस्टिमेटची प्रत कुणीच दिली नव्हती, त्यामुळे पहिल्या अपिलाला जागा होती. गटाने अपील केलं नाही. त्याऐवजी दोन्ही उत्तरांच्या झेरॉक्स जोडून प्रशासकांकडे संयुक्त पाहणीची मागणी केली. प्रशासक महसूल खात्याचे असल्याने ते दोन्ही खात्यांना एका जागी बोलावू शकत होते, नगराध्यक्ष असते तर कदाचित ते जमलं नसतं. निवडून आलेली सभा नसण्याचा एवढा एकच फायदा झाला.

फेब्रुवारी २०२० मध्ये पाहणी झाली. दोन्हीकडचे अभियंते मोरीच्या तोंडाशी उभे राहिले, एकाने काठी घालून बुजलेला पाइप तपासला, आणि पाइपलाइन हलवायला हवी यावर दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मार्चअखेर एस्टिमेट देतो असा शब्द मिळाला. मार्चअखेर देशात टाळेबंदी होती.

पाण्याची वही

२०२० चा पावसाळा कार्यालयांच्या दृष्टीने वाया गेला. गल्लीच्या दृष्टीने तो सगळ्यात उपयोगी ठरला, आणि त्याचं श्रेय अक्काचं.

नगरपालिकेच्या अभियंत्याने पाहणीत एक प्रश्न विचारला होता: पाणी किती येतं? कुणी गुडघाभर म्हणालं, कुणी मांडीएवढं, कुणी 'लई'. अक्काला हे लागलं. विडीच्या धंद्यात मुकादम छाट काढतो, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकतो, आणि त्या किती टाकल्या यावर रोजचं भांडण. ज्या बाईने स्वतः मोजून कार्डावर लिहून घेतलं तिचंच त्या भांडणात टिकतं. तिने तोच हिशेब पाण्याला लावला. देवळाच्या भिंतीवर ऑइलपेंटने लाल खुणा मारल्या, सुताराच्या टेपने मोजून, वीत-वीत अंतरावर. तिचा एकच प्रश्न होता: "मोजायचं कुठनं, उंबऱ्यापासनं का रस्त्यापासनं?" रस्ता उद्या उंच होईल, उंबरा नाही, म्हणून देवळाचा उंबरा शून्य धरला.

शाळेची दोनशेपानी वही घेतली. सर कधी सुरू झाली, पाणी कोणत्या खुणेला किती वाजता लागलं, कधी ओसरलं. लिहिणाऱ्या बायकाच, कारण दिवसभर घरात बसून विड्या वळताना दारातून खुणा दिसत. प्रत्येक नोंदीखाली दोन वेगवेगळ्या घरांच्या सह्या किंवा अंगठे.

पावसाळा संपल्यावर हिशेबनीसाने वही चाळली तेव्हा जे दिसलं ते कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. पाणी चढायला अर्धा-पाऊण तास लागत होता, उतरायला मात्र पुरी रात्र. पाऊस जास्त असता तर तो थांबल्यावर पाणीही हटलं असतं. हटत नव्हतं, कारण बाहेर पडायला वाट नव्हती. एका दिवशी पोरांनी पाइपलाइनला अडकलेला कचरा हाताने उपसला होता. त्या दिवशी तसल्याच सरीत पाणी एक खूण खालीच राहिलं. अभियंत्याच्या डोक्यात तोपर्यंत गटाराच्या भिंती उंच करायचं काम होतं. वही बघितल्यावर ते मागे पडलं आणि पाइपलाइन पुढे आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात अधिकाऱ्याचं मत बदललं ते इथं, निवेदनाने नव्हे.

आपलेच कट्टे

पाहणीच्या दिवशी अभियंत्याने आणखी एक गोष्ट बोलून दाखवली होती. गटारावर घराघराच्या पायऱ्या आणि कट्टे आलेले, एके ठिकाणी सायकल दुरुस्तीचं खोकंही. गटार रुंद करायचं तर हे आधी हटायला हवं.

हे गल्लीला झोंबलं. आधी मोरी करा, मग कट्टे काढतो, असं बहुतेकांचं म्हणणं. अक्का आणि हिशेबनीस यांचं उलटं: आपण आधी काढलं तर त्यांच्याकडे कारण उरत नाही. खोकंवाला गुरुजींचा भाचा निघाला, त्यामुळे गुरुजी काही दिवस बैठकीला आलेच नाहीत. हा पेच कुणा अधिकाऱ्याने सोडवला नाही. दिवाळीनंतर अक्काने स्वतःच्या दारचा कट्टा फोडला, कडप्प्याची काढता-घालता येणारी फरशी टाकली, आणि पुढच्या महिन्याभरात घरं एकामागून एक तयार झाली. दोन घरांनी शेवटपर्यंत नकार दिला. खोक्याला रस्त्यापलीकडे जागा मिळाली, भाड्याची. पहिल्या काही महिन्यांचं भाडं गल्लीने वर्गणीतून भरलं. गुरुजी परत आले.

जानेवारीची सभा

२०२० च्या अखेरीस आरक्षणाचा तिढा सुटला, अध्यक्ष निवडले गेले आणि नगरसेवकाला एकदाची खुर्ची मिळाली. जानेवारी २०२१ मध्ये नगरपालिकेने अंदाजपत्रकापूर्वीची नागरिक सल्ला-सभा बोलावली. कर्नाटकातल्या नगरपालिका ही सभा घेतात. सूचनाफलकावर कागद लागतो, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, आणि सभागृहात बहुधा ठेकेदार, पत्रकार आणि चहा असतो. गल्लीतून पंधरा-वीस जण गेले, निम्म्या बायका. तोंडी तक्रार कुणी केली नाही. एक पान पुढे ठेवलं, त्यात तीन मागण्या: पाइपलाइन हलवा, गटार रुंद करा, आणि मोरीसाठी लोकोपयोगी खात्याला सभेचा ठराव पाठवा.

तिसरी मागणी महत्त्वाची होती, आणि ती सुचवली कार्यालयातल्याच एका जुन्या कारकुनाने, बाहेर पायरीवर. लोकांचं निवेदन दुसऱ्या खात्यात पोचलं की पोच मिळते; सभेचा ठराव गेला की फाइल उघडते. पैशाची वाटही त्यानेच दाखवली. १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली. पाइपलाइन हलवण्याचं काम पाण्याच्या बाजूत बसवता येतं. गटार मोकळ्या रकमेतून घ्यावं लागेल. सगळं मिळून 'मोरी दुरुस्ती' म्हणून मागितलं असतं तर ते कुठल्याच खात्यावर बसलं नसतं. नगरसेवकाने ठराव मांडला, विरोध कुणी केला नाही.

निकाल

पाइपलाइन जून २०२१ च्या आधी हलली. गटार रुंद झालं, नकार दिलेल्या दोन घरांपुढे ते आजही अरुंद आहे. मोरी मात्र तशीच राहिली, आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात २०१९ ची आठवण करून देणारा पाऊस झाला. खालच्या बाजूच्या काही घरांत पाणी शिरलंच. वहीप्रमाणे ते त्याच रात्री ओसरलं. लोकोपयोगी खात्याने पुढच्या उन्हाळ्यात दोन पाइप काढून बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, बांधला. त्यानंतर पाणी गल्लीत येतं, घरात येत नाही.

२०२३ मध्ये अध्यक्षांची अडीच वर्षांची पहिली मुदत संपली आणि पुन्हा तेच झालं: दुसऱ्या मुदतीचं आरक्षण ऑगस्ट २०२४ पर्यंत जाहीर झालं नाही. पुन्हा प्रशासक. या वेळी गल्लीने वाट बघितली नाही, मे महिन्यातल्या गाळ उपशाची मागणी वहीच्या झेरॉक्ससह थेट प्रशासकांकडे दिली आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता ट्रॅक्टरने हलवण्याची अट घातली. गाळ हलला. पुढच्या वर्षी परत काठावर टाकला गेला, कारण अट लिहून द्यायचं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

२०१९ च्या पुराचे मोबाइलवर शेकडो फोटो होते, पण तारीख, वेळ आणि कुणाचं घर हे एकावरही धड कळत नव्हतं. वही तेव्हाच सुरू झाली असती तर एक पावसाळा वाचला असता. अपील न करण्याचा निर्णयही मला पुरता पटलेला नाही. संयुक्त पाहणी मिळाली हे खरं, पण एस्टिमेटचा कागद हातात असता तर टाळेबंदीनंतर नव्याने सुरुवात करावी लागली नसती.

उठून गेलेल्या दोन मुलांना परत बोलवायला कुणी गेलं नाही. ती आजही म्हणतात की गल्लीने मराठी सोडली. तसं झालेलं नाही, निवेदनाची प्रत त्यांना दाखवली असती तरी पुरलं असतं. बी.कॉम.ची मुलगी नोकरीला बंगळूरला गेल्यावर कन्नडमध्ये अर्ज लिहिणारं कुणी उरलं नाही आणि वर्षभर एकही अर्ज गेला नाही. चार माणसांवर चाललेल्या कामाचं हे दुखणं सगळीकडे असतं, पण सीमाभागात दोन्ही भाषांत लिहिता येणारी माणसं मोजकी असल्याने ते लवकर दिसतं. लग्न होऊन गल्लीत आलेल्या एका कन्नड सुनेने आता ते काम घेतलं आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र मोरीच्या पलीकडची आहे. गल्लीतून पाणी झपाट्याने निघालं म्हणजे ते कुठेतरी झपाट्याने जाणारच. खालच्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. ना गटाने, ना अभियंत्यांनी. कल्व्हर्ट झाला त्याच पावसाळ्यात ओढ्याकाठच्या दोन रानांतला भाताचा तरवा वाहून गेला आणि शेतकऱ्यांनी गल्लीविरुद्धच तक्रार दिली. पहिल्या पाहणीलाच त्यांना बोलावलं असतं तर ओढ्याची रुंदी तेव्हाच चर्चेत आली असती.

आता दोन्ही बाजूंचा एक अर्ज भूमापन खात्याकडे द्यायचं घाटतंय. ओढा जमिनीच्या उताऱ्यावर बी-खराब म्हणून लागलेला आहे, म्हणजे सार्वजनिक, त्यावर कुणालाही पीक घेता येत नाही. गाव नकाशाप्रमाणे त्याची रुंदी मोजून द्या, एवढीच मागणी. मोजणीची फी अर्धी-अर्धी भरायची असंही ठरलं आहे. अडलंय ते सह्यांवर. मोजणी झाली की कुणाचा बांध ओढ्यात किती आत आला आहे तेही बाहेर येईल, आणि तक्रार देणाऱ्यांपैकीच दोघे-तिघे त्यामुळे सही करायला तयार नाहीत.